कागदात बसवलेली गॅलरी

जळबा मिस्तरीच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी नसायचा, स्टीलची सहा इंची पट्टी असायची. वापरून वापरून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि एका टोकाचे आकडे निम्मे पुसले होते. ती बदलायचं कुणी नाव काढलं की जळबा त्याच्याकडं असा बघायचा, जणू त्यानं एखादं बोट बदलून घ्यायला सांगितलं होतं. कुरुंद्यातली आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांतली बरीच पक्की घरं, शाळेच्या खोल्या, दोन बुद्धविहारं आणि एक पाण्याची टाकी या पट्टीच्या जिवावर उभी आहेत, असं तो सांगायचा. ते खोडून काढायला कुणाजवळ पुरावा नव्हता, आणि कुणाला तशी गरजही पडली नव्हती.

पट्टी त्याला नांदेडच्या उत्तमसिंग उस्तादांनी दिली होती आणि तिच्याबरोबर दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली अशी, की नकाशावर एखादं माप लिहिलेलं नसलं किंवा वाचता येत नसलं, तर सरळ पट्टी लावायची. नकाशा ठरल्या प्रमाणात काढलेला असतो. पाच सेंटीमीटरला एक मीटर असं प्रमाण असलं, तर पट्टीवर दहा आले म्हणजे जाग्यावर दोन मीटर. दुसरी गोष्ट गॅलरीची. भिंतीबाहेर अधांतरी गॅलरी काढायची, तर तिच्या वरच्या सळया बाहेर जेवढ्या जातात त्याच्या दीडपट आतल्या स्लॅबमध्ये गेल्या पाहिजेत. आतली सळई बाहेरच्या गॅलरीला धरून ठेवते. ती आखूड पडली तर गॅलरी टेकूवर असेपर्यंत छान दिसते. टेकू निघाले, वर माणसं आली, की मान टाकते.

शाळा चौथीपर्यंत झाली होती. मराठी तो अक्षर जुळवत वाचायचा, आकडे सगळे यायचे, इंग्रजीशी मात्र काही देणंघेणं नव्हतं. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असायची आणि तिच्यात बारीक इंग्रजी मजकूर. ते साहेबाचं नाव-गाव असणार असं त्यानं धरून ठेवलं होतं. साहेबाच्या नावानं भिंत उभी राहत नाही, म्हणून त्या चौकटीकडं त्यानं कधी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तो दीड वर्ष किल्लारीकडच्या गावांत घरं बांधायला होता. तिथं त्यानं दगडमातीच्या ढिगाखालून निघालेली भांडी पाहिली, पाळण्याच्या दोऱ्या पाहिल्या. तेव्हापासून त्याच्या मनात एक धाकधूक कायमची बसली. नव्या स्लॅबखालची फळ्यांची सेंट्रिंग निघाली की पहिल्यांदा तो एकटा खाली जाऊन उभा राहायचा, आणि मगच इतरांना बोलवायचा. काम करणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याची बायको पद्माबाईही तेव्हा त्याच कामांवर घमेली वाहायची, ती मात्र कधी हसली नाही.

हिंगोली जिल्हा झाला आणि कामं वाढली. वसमतच्या किसनराव कंत्राटदारानं दोन हजार दोन साली कचेरीत कॉम्प्युटर आणला. त्याला काचेची वेगळी खोली, अंगावर घालायला शिवून घेतलेलं कापड, आणि चपला बाहेर. खुद्द किसनराव अनवाणी आत जायचा आणि पडद्यासमोर हात मागं बांधून उभा राहायचा. त्याच्या भाच्यानं त्यावर कामाचं वेळापत्रक करून दिलं: पाया अमुक तारखेला, स्लॅब तमुक तारखेला, सगळ्यांच्या आडव्या रंगीत पट्ट्या. तो कागद किसनरावनं भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, चहावाल्यालासुद्धा, समजावून सांगितला. आठ महिन्यांचं काम आता पाच महिन्यांत होणार होतं.

जळबाचा थोरला मुलगा रत्नपाल याच काळात कॉम्प्युटरचा कोर्स करून वसमतच्या एका इंटरनेट कॅफेत लागला. घमेलं न उचलता पोटाला लागलेला घराण्यातला तो पहिलाच. तो टेबलाशी बसून काम करतो हे बघायला जळबा एकदा मुद्दाम वसमतला गेला, दारातून बघितलं आणि आत न जाताच परत आला.

दोन हजार चार साली कुरुंद्याच्या शिवारात पुण्याच्या एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह उभं राहू लागलं. कंत्राट किसनरावचं, मुख्य मिस्तरी जळबा आणि साइटवर इंजिनिअर म्हणून सुकन्या नावाची चोवीस वर्षांची मुलगी. ती जळबाला मामा म्हणायची, जळबा तिला ताई. तिच्या गळ्यात सदा एक डिजिटल कॅमेरा असायचा. झालेल्या कामाचे फोटो काढून ती दर शनिवारी ईमेलनं औरंगाबादच्या डिझायनरकडं आणि पुण्याला पाठवायची. ते लोक तिथं बसून सळया बघायचे आणि होकार कळवायचे.

पहिल्या मजल्याची गॅलरी आधी चार फुटांची होती. मुलींना तिथं अभ्यासाला बसता यावं म्हणून ट्रस्टनं ती दीड मीटर करायला सांगितली, तेही स्लॅब दोन दिवसांवर आलेला असताना. पूर्वी असा बदल झाला की नव्या नकाशाची गुंडाळी औरंगाबादहून एसटीच्या कंडक्टरबरोबर यायची, चार-पाच दिवस काम बसून राहायचं आणि किसनराव कंडक्टरच्या नावानं खडे फोडायचा. या वेळी डिझायनरनं सकाळी नकाशा ईमेलनं पाठवला, रत्नपालनं तो वसमतला छापला आणि दुपारच्या जीपनं स्वतः घेऊन आला.

"चार घंट्यात, बाबा," त्यानं कागद बापाच्या हातात ठेवला. "पहिलं चार दिवस लागायचे."

जळबानं हात लुगड्याच्या चिंधीला पुसून तो घेतला. पोरानं आणलेला नकाशा. त्यानं तो वाजवीपेक्षा जास्त वेळ बघितला, आणि शेजारच्या दोघा गवंड्यांना बोलावून दाखवला.

बाहेरचं माप ठळक होतं: दीड मीटर. आतल्या बाजूला सळई किती न्यायची, तो आकडा मात्र बारीक होता आणि नेमका त्यावरून शाईचा काळा पट्टा गेला होता. सुकन्या त्या दिवशी हिंगोलीला दुसऱ्या कामावर होती. जळबानं खिशातून पट्टी काढली. आठ सेंटीमीटर. म्हणजे पाचाला एक मीटर या प्रमाणानं एक मीटर साठ.

हे कमी आहे, असं त्याला त्याच क्षणी वाटलं. उस्तादांच्या दीडपटीनं सव्वादोन मीटर यायला हवे होते. तो कागद हातात धरून तसाच उभा राहिला. पण गेली दोन वर्षं तो एकच गोष्ट ऐकत होता, की कॉम्प्युटर हिशेब इतका बारीक करतो की पूर्वीइतकं लोखंड लागतच नाही. जुने लोक भीतीपोटी जास्त सळई घालायचे, असं खुद्द किसनराव सांगायचा. उस्ताद जुनेच होते. आणि पोराच्या हातचा कागद, त्याच्यात खोट काढायची तरी कशी? त्यानं सळया एक मीटर साठवर कापायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी सुकन्या आली. तिनं सळया मोजल्या, जाडी बघितली, दोन सळयांतलं अंतर टेपनं तपासलं आणि फोटो काढले. एका फोटोत जळबा फळीवर उभा राहून हसतोय. औरंगाबादहून संध्याकाळपर्यंत होकार आला आणि तेरा डिसेंबरला स्लॅब ओतला गेला. वेळापत्रकावरच्या तारखेला, बरोबर. किसनरावनं पेढे वाटले.

अकराव्या दिवशी औरंगाबादहून नकाशांचा पूर्ण संच टपालानं आला, दप्तरी ठेवायला. सुकन्यानं तो पत्र्याच्या खोलीत ठेवायला जळबाजवळ दिला. त्यानं गॅलरीचा नकाशा सहज उलगडला. चित्र तेच, पण कागद मोठा. इथं शाईचा पट्टा नव्हता. आतल्या सळईवर स्वच्छ लिहिलं होतं: २२५०. म्हणजे सव्वादोन मीटर.

जळबा सिमेंटच्या पोत्यावर बसला. मग त्यानं जुना लहान कागद काढून त्याच्याशेजारी ठेवला आणि दोन्हींवर पट्टी लावली. मोठ्या कागदावर सव्वाअकरा सेंटीमीटर, लहान कागदावर आठ. आता त्यानं बाहेरच्या दीड मीटरवर पट्टी लावली. साडेसात यायला हवे होते; लहान कागदावर सव्वापाच आले. लिहिलेल्या मापावर त्या दिवशी एकदा पट्टी ठेवून ताडून बघितलं असतं, तरी सगळं कळलं असतं. एवढं एक माप. त्यानं ते घेतलं नव्हतं.

त्या रविवारी रत्नपाल घरी आला तेव्हा जळबानं जेवता जेवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "का रे, तुझ्या मशिनीतून नकाशा निघतो, तो मुळात जेवढा हाय तेवढाच निघतो का?"

"न्हाई बाबा. आपल्याकडं मोठा कागदच न्हाई. मशीन आपोआप लहान करून कागदात बसवतं." रत्नपालला बापानं आपल्या कामाचं काही विचारलं याचाच आनंद झाला होता. "न्हाईतर कडेचा नकाशा कापला जाईल ना. मी मुद्दाम बसवून घेतो."

"चांगलं करतो," जळबा म्हणाला आणि ताट बाजूला सारलं.

मुलाचा दोष नव्हता. त्याला कुणी सांगितलं होतं, की त्याचा बाप नकाशाला पट्टी लावतो? आणि बापाला कुणी सांगितलं होतं, की यंत्र चित्र आकसवतं? पण दोष कुणाचा हे किसनराव असं बघणार नव्हता. तो कॅफेच्या मालकाकडं जाणार, वसमतभर बोलणार, आणि टेबलाशी बसलेलं पोर शेवटी घमेल्यापाशी येणार.

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर जायचा आणि गॅलरीखालच्या टेकूच्या बल्ल्या मोजायचा. बावीस. प्रत्येकीखालची पाचर हातोड्यानं ठोकून बघायचा, ती पक्की असली तरी अजून एक ठोका द्यायचा. स्लॅबवर दिवसातून चार वेळा पाणी घालायचा, जणू पाण्यानं सळई वाढणार होती. कधी वाटायचं, काही होणार नाही. एक मीटर साठ म्हणजे काही कमी नाही, उस्ताद खरंच भित्रे असतील. मग एखादी शेरडं हाकणारी पोरगी कुंपणाबाहेरून जायची, आणि त्याला तशा तीस-चाळीस जणी गॅलरीच्या कठड्याला रेलून उभ्या दिसायच्या. हातातला हातोडा तिथंच राहायचा.

एका संध्याकाळी पद्माबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"काहून चार दिस झाले ताट सारून राहिलात? दुखून राहिलं का काई?"

जळबानं तिला सगळं सांगितलं. दोन्ही कागदांचं, पट्टीचं, मशिनीचं. तिनं अर्धं आयुष्य स्लॅबवर घमेली वाहिली होती, तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"रत्नपालचं नाव निघंल?" तिनं विचारलं.

"निघंल."

ती पुन्हा पाखडायला लागली. मग ती खाली बघूनच म्हणाली, "आपल्याला पोरगी न्हाई. त्या वसतिगृहात आपलं कुनी ऱ्हानार न्हाई."

"न्हाई."

"म्हनून इचारून राहिले. आपली पोरगी असती, तर सांगायला इतके दिस लागले असते का तुमाला?"

जळबाला राग आला, तो बायकोचा नव्हता. तरीही तो आणखी चार दिवस गप्प राहिला. हे लपवण्यासारखं नाही म्हणून सांगतो: तो शूर माणूस नव्हता. एकवीस दिवसांनी टेकू काढायचे होते, तोवर काहीतरी होईल, आणखी एखादी तारीख पुढं जाईल, अशी आशा त्यानं धरली.

तारीख पुढं गेली नाही, मागं आली. एक जानेवारीला किसनराव जीपमधून उतरला तोच हसत. परवा, तीन तारखेला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी गावच्या शाळेतल्या साठ मुली नव्या गॅलरीत उभ्या करून फोटो काढायचा आणि तो लगेच पुण्याला पाठवायचा, असं ट्रस्टशी ठरलं होतं.

"उद्या सकाळी टेकू काढून घे," तो जळबाला म्हणाला. "एकोणीस दिवस झाले काय अन् एकवीस काय. फोटोत बल्ल्या दिसाया नको."

दोन तारखेला सकाळी मजूर हातोडे घेऊन आले, तेव्हा जळबा पहिल्या बल्लीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. किसनराव आणि सुकन्या येईपर्यंत तो उठला नाही.

"मालक, टेकू काढू नका. वरच्या सळया आतून आखूड हायेत. सव्वादोन मीटर पायजे व्हत्या, मी एक साठच्या टाकल्या. चूक माझी हाय."

किसनराव आधी हसला. मग त्यानं बाकीच्यांकडं बघितलं आणि हसू गेलं.

"जळबा, सकाळी सकाळी डोकं फिरलं का तुझं? औरंगाबादवाल्यांनी फोटो बघून पास केलंय. ताई, दाखवा त्याला."

सुकन्यानं कॅमेऱ्यातला फोटो काढला आणि बारक्या पडद्यावर मोठा केला. सळया एका ओळीत, तारेनं नीट बांधलेल्या. कुणीही शाबासकी द्यावी अशा. त्यांच्या आतल्या टोकांवर एक लांब फळी टाकलेली आणि फळीवर जळबा स्वतः, हसत.

"दिसत्यात की सगळ्या," किसनराव म्हणाला. "रिपोर्टात पूर्ण, फोटोत पूर्ण, वेळापत्रकात पूर्ण. तू काय कॉम्प्युटरपेक्षा शाना का?"

"फोटोत फळी दिसून राहिली, मालक. फळीखाली काय हाय ते मला ठावं हाय."

आता गंमत अशी की तिथं जमलेल्या एकालाही ते खरं असायला नको होतं. कागद म्हणत होता काम चांगलं आहे, कॅमेरा म्हणत होता चांगलं आहे, औरंगाबाद आणि पुणे म्हणत होतं चांगलं आहे. आपलं काम वाईट आहे हे पटवायला एकटा जळबाच आटापिटा करत होता, ज्यानं तीस वर्षं त्याच्या उलट सांगण्यात घालवली होती.

तो कुणाची परवानगी न घेता वर चढला, मागोमाग ते दोघंही. भिंतीच्या आतल्या कडेपासून टेपनं दीड मीटर मोजले आणि छन्नीनं स्लॅबचा वरचा इंचभर थर फोडला. सळई दिसली. मग तो थोडा मागं सरकला, एक मीटर सत्तरवर छन्नी लावली. एक इंच, दोन इंच, तीन इंच. नुसती खडी. त्यानं दोन मीटरवर फोडलं. तिथंही काही नव्हतं. त्याच्या बोटांना खरचटून रक्त आलं होतं आणि तो चौथ्या ठिकाणी छन्नी लावायला निघाला, तेव्हा सुकन्यानं त्याचा हात धरला.

"पुरे, मामा. कळलं."

ती त्याच्याशेजारीच खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता. "मी सळया मोजल्या, लांबी नाही मोजली. तुम्ही होतात म्हणून."

किसनराव खाली उतरला. मोबाइलला रेंज मिळत नव्हती, म्हणून त्याला जीप घेऊन फाट्यापर्यंत जावं लागलं. तिथून परत आला तो निरोप घेऊनच: एकही टेकू हलवायचा नाही, गॅलरी फोडायची, आतला पट्टाही फोडायचा आणि पुन्हा करायची. साठ मुली वर गेल्या असत्या तर काय झालं असतं, असं त्यानं डिझायनरला विचारलं होतं. डिझायनरनं दिलेलं उत्तर किसनरावनं कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही.

तीन तारखेचा फोटो अंगणात निघाला. पुढं साठ मुली, मागं बावीस बल्ल्या.

गॅलरी फोडायला नऊ दिवस लागले. जळबानं ती स्वतःच्या हातानं फोडली. दुसऱ्याच्या हाती घण दिला नाही. काम दीड महिना लांबलं आणि किसनरावच्या भिंतीवरचा रंगीत कागद गुपचूप निघाला. सुकन्यानं रिपोर्ट लिहिला, त्यात आधी स्वतःचं नाव घातलं, मग जळबाचं. कॅफेचं नाव तिनं लिहिलं नाही. पण जळबानं रत्नपालला सगळं सांगून टाकलं होतं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. नंतर त्यानं काउंटरवर एक पाटी लावली: नकाशा छापायचा असेल तर खऱ्या मापात हवा की कागदात बसवून, ते आधी सांगावे. नोकरी टिकली. किसनरावनं मात्र त्यानंतर जळबाला मुख्य मिस्तरी म्हणून कधी घेतलं नाही.

नव्या गॅलरीच्या सळया बांधायच्या दिवशी सुकन्यानं सगळी मापं नकाशावर हातानं, मराठी आकड्यांत, मोठ्या अक्षरांत लिहून दिली. जळबाची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं विचारलं, "ताई, हितं काय लिहिलेलं असतं?"

"डिझायनरचं नाव, तारीख, आणि ही एक सूचना." तिनं बोट ठेवलं. "नकाशाला पट्टी लावून माप घेऊ नये. लिहिलेलंच माप धरावं. प्रत्येक नकाशावर असते ही, मामा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

जळबानं पट्टी खिशात ठेवली. ती पुढं त्यानं कामावर बाहेर काढली नाही.

पण त्याला शांतता मिळाली असं म्हणता येणार नाही. तीस वर्षांत त्या पट्टीनं किती मापं घेतली होती? तेव्हाचे नकाशे मोठ्या कागदावर यायचे, यंत्रानं आकसवलेले नसायचे, हे सुकन्यानं त्याला दोनदा समजावलं. त्यानं दोनदा मान हलवली, आणि पुढच्याच आठवड्यात टेप घेऊन पहिल्या खेड्याला गेला. मग दुसऱ्या. कळमनुरीकडच्या एका शाळेत त्यानं वऱ्हांड्याचे खांब मोजले. एका विहाराच्या छताखाली तासभर वर बघत उभा राहिला. कुणी विचारलं की म्हणायचा, "काई न्हाई, बघून राहिलो." सगळं बरोबर निघायचं. घरी येऊन तो पद्माबाईला तसं सांगायचा, आणि यादीतलं पुढचं गाव काढायचा.

पाच वर्षांनी, दोन हजार दहाच्या उन्हाळ्याआधी, तो वसतिगृहाच्या फाटकाशी उभा होता. तिथं तो महिन्यातून एकदा तरी जायचा. गॅलरीत परीक्षेचा अभ्यास चालला होता. काही जणी चटईवर बसलेल्या, काही कठड्याला रेललेल्या. त्यानं मोजल्या. सतरा.

एका मुलीनं वरून बघितलं. "आजोबा, कुणाला भेटायचंय?"

"कुनाला न्हाई, माय. गॅलरी बघून राहिलो."

"लई पक्की आहे ती," ती हसून म्हणाली. "आमच्या मॅडम सांगतात, एका मिस्तरीनं ही दोनदा बांधली."

"व्हय," जळबा म्हणाला. आत सव्वादोन मीटर सळई आहे, हे त्याच्याइतकं पक्कं जगात कुणाला माहीत नव्हतं. प्रत्येक सळई त्यानं स्वतः मोजून टाकली होती, सुकन्यानं पुन्हा मोजली होती. तो थोडा वेळ तसाच वर बघत राहिला.

"तरी बी जरा मागं सर, लेकरा," तो म्हणाला. "अन् त्या दोघींना बी सांग."